मांसल घरगुती वनस्पतींवरील कीड

निवडुंग, कोरफड, जेड, पानफुटी, अडेनियम, एकेव्हेरिया, सॅन्सेव्हिएरिया यांसारख्या पाने, खोड किंवा मुळांत पाणी साठवणाऱ्या कुंडीतील झाडांवर उपजीविका करणाऱ्या कीटकांना व त्यांच्याबरोबर आढळणाऱ्या कोळीवर्गीय जीवांना एकत्रितपणे मांसल घरगुती वनस्पतींवरील कीड असे म्हटले जाते. पिठ्या ढेकूण, खवले कीड, मावा, फुलकिडे, लाल कोळी, मुळांवरील पिठ्या ढेकूण आणि काही पतंग-फुलपाखरांच्या अळ्या या त्यांतील प्रमुख होत.

मांसल झाडाजवळ पाण्याचा साठा असल्यामुळे किडीचे नुकसान त्याच्यावर उशिरा दिसते. पाने सुरकुतू लागली की पाणी कमी पडले असे समजून पाणी वाढवले जाते. त्यामुळे किडीने आधीच दुर्बल झालेली मुळे कुजतात आणि झाड दगावते. किडीची अचूक ओळख हा म्हणूनच नियंत्रणाचा पहिला व सर्वांत महत्त्वाचा टप्पा मानला जातो. विदर्भासारख्या शेतीप्रधान प्रदेशात या ओळखीला आणखी एक महत्त्व आहे. पिकांसाठी आणलेली तीव्र विषारी कीटकनाशके अनेक घरांत उपलब्ध असतात आणि ती कुंडीतील झाडावर फवारण्याचा मोह होतो. घरगुती झाडांवरील बहुतेक किडी अशा औषधांविना आटोक्यात येतात.

मांसल वनस्पतींची रचना आणि कीड

बहुतेक मांसल वनस्पती दिवसा पर्णरंध्रे मिटून घेतात आणि रात्री ती उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात. त्यांची त्वचा जाड असून तीवर मेणाचा थर असतो. पाने कुरतडणाऱ्या कीटकांना ही त्वचा काहीशी अवघड जाते. परंतु सुईसारखी सोंड खुपसून रस शोषणाऱ्या कीटकांना ती अडवू शकत नाही. पानांच्या बेचक्यात, गुलाबाच्या फुलासारख्या दाट पर्णगुच्छात, निवडुंगाच्या काट्यांच्या मुळाशी आणि कुंडीच्या कडेला लागलेल्या मुळांवर त्यांना सुरक्षित आसरा मिळतो.

झाडाच्या अन्नरसात शर्करा भरपूर आणि नत्रयुक्त पदार्थ अल्प असतात. पुरेसे नत्र मिळवण्यासाठी मावा, पिठ्या ढेकूण व मऊ खवले कीड हे कीटक मोठ्या प्रमाणात रस शोषतात आणि जादा शर्करा चिकट थेंबांच्या रूपाने शरीराबाहेर टाकतात. या गोड स्रावामुळे मुंग्या येतात आणि पानांवर काळी बुरशी वाढते. नागपुरी संत्र्याच्या बागांत काळ्या माशीच्या स्रावावर अशीच काळी बुरशी वाढते. तिला शेतकरी ‘कोळशी’ म्हणतात. कुंडीतील झाडावर कोळशी दिसली तर काळेपणा पुसणे पुरेसे नसते. वरच्या पानांत स्राव टाकणारा कीटक शोधावा लागतो. कीटक गेल्यावर नवी कोळशी धरत नाही.

किडीचा भास निर्माण करणाऱ्या खुणा

पुढील खुणा नैसर्गिक असून त्यांवर उपाय करण्याची गरज नसते :

* एकेव्हेरिया व तिच्या जवळच्या झाडांच्या पानांवरील पांढरट पिठूळ थर हे झाडाचेच मेण असते. ते सर्वत्र सारखे पसरलेले असते आणि बोटाने पुसल्यास पुन्हा येत नाही. पिठ्या ढेकूण मात्र बेचक्यात पुंजक्याने असतात.
* निवडुंगावर ज्या ठिकाणी काटे उगवतात, तेथे लोकरीसारखे पांढरे केस असतात. हे पुंजके ठरावीक अंतरावर, ओळीने असतात.
* जेडच्या पानांवर दिसणारे बारीक पांढरे ठिपके पानातील सूक्ष्म छिद्रांतून बाहेर आलेल्या पाण्यातील क्षारांचे असतात. ओल्या फडक्याने ते निघतात.
* जुन्या निवडुंगाचे बूड तपकिरी व लाकडासारखे होणे हा वयाचा परिणाम आहे. हा बदल खालून वर सरकतो आणि भाग टणकच राहतो. मऊ पडल्यास तो कुज समजावा.
* सावलीतील झाड एकदम कडक उन्हात ठेवल्यास सूर्याकडील बाजूवर फिकट किंवा तपकिरी डाग पडतात. ते एकाच बाजूला असतात व पसरत नाहीत.
* सॅन्सेव्हिएरियाच्या फुलांच्या दांड्यावर मधुरसाचे चिकट थेंब येतात. तो चिकटपणा किडीमुळे नसतो.

प्रमुख किडी

पिठ्या ढेकूण

मांसल झाडांवर सर्वाधिक आढळणारी ही कीड आहे. मादी पंखहीन, लांबट गोल, मऊ शरीराची व पांढऱ्या मेणचट चूर्णाने झाकलेली असून दोन ते पाच मिलिमीटर लांब असते. नर पंखयुक्त, नाजूक व अल्पायुषी असतो. तो क्वचितच दृष्टीस पडतो. अनेक जातींची मादी कापसासारख्या पिशवीत शेकडो अंडी घालते. अंड्यांतून निघालेली पिल्ले फिरती असतात. वारा, पाणी, मुंग्या, कपडे आणि बागकामाची साधने यांबरोबर ती एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. उबदार हवेत सुमारे महिन्याभरात एक पिढी पूर्ण होते.

संत्रावर्गीय झाडांवरील प्लॅनोकॉकस सिट्री ही जात जगभर घरगुती झाडांवरही आढळते. कपाशीवरील फिनॅकॉकस सोलेनॉप्सिस ही मूळची उत्तर अमेरिकेतील जात भारतात २००५ नंतर कपाशीवर मोठ्या प्रमाणात दिसू लागली. नागपूर येथील केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००७-०८ मध्ये नऊ राज्यांतील ४७ ठिकाणांहून गोळा केलेल्या नमुन्यांत हीच जात बहुसंख्येने आढळली. कपाशी निघाल्यावर ती गाजरगवत, जास्वंद यांसारख्या झाडांवर टिकून राहते. घोळ आणि चिनी गुलाब या मांसल वनस्पतींवरही ती वाढते.

मुळांवरील पिठ्या ढेकूण

हे कीटक मातीत राहतात, त्यामुळे झाड कुंडीतून काढल्याशिवाय दिसत नाहीत. मुळांवर व कुंडीच्या आतल्या बाजूला पांढरे, मेणचट चूर्ण दिसणे ही त्यांची खूण आहे. झाडाची वाढ खुंटते, रंग फिका पडतो आणि पाणी देऊनही पाने भरत नाहीत. हावर्थिया, कोरफड व लहान निवडुंग यांवर ही कीड विशेष आढळते. पांढऱ्या बुरशीशी तिची गल्लत होते. बुरशीचे धागे जाळ्यासारखे पसरतात, तर किडीचे पुंजके सुटे असून भिंगाखाली त्यांत हालचाल दिसते.

खवले कीड

ही कीड हालत नाही आणि पाय दिसत नाहीत, म्हणून तिला अनेकदा डाग समजले जाते. कठीण खवल्याच्या जातींत कीटकाच्या शरीरावर सुटे कवच असते. या जाती चिकट स्राव टाकत नाहीत. निवडुंगावरील डायॅस्पिस एकिनोकॅक्टी ही त्यांतील जात असून तिचे गोल पांढरट ठिपके खोडावर दाटीने पसरतात. मऊ खवल्याच्या जाती तपकिरी, किंचित फुगीर असतात व भरपूर स्राव टाकतात. कवचाखाली औषध पोहोचत नसल्याने खरवडून काढणे हाच पहिला उपाय ठरतो.

किरमिजी कीटक

फड्या निवडुंगाच्या वर्गातील झाडांवर पांढऱ्या कापसासारखे पुंजके करणारे डॅक्टिलोपियस प्रजातीचे हे कीटक पिठ्या ढेकणासारखे दिसतात. काडीने चिरडल्यास गडद लाल रस निघतो, ही त्यांची निश्चित खूण आहे.

मावा

मावा कोवळ्या शेंड्यांवर व फुलांच्या दांड्यांवर येतो. अडेनियमवर येणारा पिवळ्या शरीराचा व काळ्या पायांचा मावा कण्हेर व रुईवरही असतो. परिसरात रुईची झुडपे असतील तर तेथून तो घरातील अडेनियमवर येतो. माद्या नराशिवाय थेट पिल्लांना जन्म देत असल्याने त्यांची संख्या थोड्या दिवसांत वाढते.

फुलकिडे

एक ते दोन मिलिमीटर लांबीचे हे निमुळते कीटक पेशी खरवडून रस शोषतात. पानांवर रुपेरी चट्टे आणि त्यांत काळे ठिपके दिसतात. कळ्या वाकड्या उमलतात. मिरचीवर चुरडा-मुरडा निर्माण करणाऱ्या कारणांपैकी फुलकिडे हे एक आहे.

लाल कोळी

लाल कोळी हा कीटक नाही. त्याला आठ पाय असतात आणि तो कोळीवर्गात मोडतो. या भेदाला व्यावहारिक महत्त्व आहे, कारण अनेक कीटकनाशकांचा कोळ्यांवर परिणाम होत नाही. उलट त्यांचे नैसर्गिक शत्रू मरून कोळी वाढतात. पानांवर बारीक फिकट ठिपके, पुढे तांबूस-करडा खरबरीतपणा आणि शेंड्यांजवळ बारीक जाळी ही त्याची लक्षणे आहेत. उष्ण व कोरड्या हवेत अंड्यापासून प्रौढापर्यंतची वाढ सुमारे एका आठवड्यात पूर्ण होऊ शकते.

अळ्या

कण्हेरीवरील मोठ्या हिरव्या पतंगाची अळी पावसाळ्यात अडेनियमची पाने एक-दोन रात्रींत फस्त करते. अळी हिरवी, बोटाएवढी असून डोक्यामागे डोळ्यासारखे दोन निळसर-पांढरे ठिपके आणि शेपटीशी शिंगासारखा अवयव असतो. झाडाखाली पडलेल्या काळ्या लेंड्यांवरून ती सापडते. हाताने वेचणे हाच तिच्यावरील उपाय होय.

पानफुटी व कलांचोच्या पानांत पोकळ, पारदर्शक चट्टे दिसल्यास ते बहुधा रेड पिअरो या फुलपाखराच्या अळीचे काम असते. ही अळी पानाच्या दोन त्वचांमध्ये राहून आतील गर खाते. काळा-पांढरा आणि नारिंगी रंगाचे हे देशी फुलपाखरू आपली अंडी याच गटातील वनस्पतींवर घालते. पानफुटी पानापासूनच नव्याने उगवत असल्याने झाड सहसा मरत नाही. चट्ट्यांची काही पाने तशीच राहू दिल्यास फुलपाखराची पिढी पूर्ण होते.

चिलटे आणि वाळवी

कुंडीभोवती उडणारी बारीक काळी चिलटे बहुधा ओल्या मातीतील बुरशीवर व कुजक्या पदार्थांवर जगतात. त्यांच्या अळ्या कोवळ्या रोपांची मुळे खातात. मोठ्या झाडाला त्यांचा उपद्रव थोडा असतो. मांसल झाडाच्या कुंडीत चिलटे असणे हे पाणी जास्त होत असल्याचे लक्षण आहे. अर्धवट कुजलेले शेणखत किंवा लाकडाचे तुकडे मातीत असल्यास जमिनीवर ठेवलेल्या कुंडीत वाळवी, म्हणजे उधई, शिरते.

ओळखण्याच्या पद्धती

साध्या साधनांनी बहुतेक किडी ओळखता येतात. दहापट मोठे दाखवणारे भिंग, दाताची काडी, पांढरा कागद आणि उजेड एवढी सामग्री पुरते.

* काडीची चाचणी : संशयित ठिपका काडीने हळूच उचलून पाहावा. खवले कीड सुटून येते. डाग किंवा व्रण येत नाही.
* कागदाची चाचणी : पांढरा कागद पानांखाली धरून झाड हलकेच झटकावे. कागदावर पडलेले ठिपके चालू लागल्यास ते लाल कोळी किंवा फुलकिडे असतात. फुलकिडे लांबट, कोळी गोलसर दिसतात.
* मुळांची तपासणी : माती कोरडी असताना झाड कुंडीतून अलगद काढून मातीच्या गोळ्याची बाहेरची बाजू पाहावी. पाणी देऊनही सुरकुत्या जात नसतील तर ही तपासणी टाळू नये.
* मुंग्यांचा माग : एखाद्या कुंडीवर मुंग्यांची ये-जा सतत असेल तर त्या जेथे थांबतात तेथे रस शोषणारी कीड असण्याची शक्यता मोठी असते.

विदर्भातील ऋतुमान

नागपूर जिल्ह्यातील मौदा हे तालुक्याचे ठिकाण कन्हान नदीकाठी, नागपूर-भंडारा मार्गावर वसले आहे. पूर्व विदर्भाच्या भातपट्ट्याला लागून असलेल्या या भागात उन्हाळा तीव्र असून मे महिन्यात कमाल तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून वर जाते. पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात पडतो. घरगुती मांसल झाडांवरील किडीचे चक्र या हवामानाशी बांधलेले असते.

मार्च ते जून हा लाल कोळ्याचा काळ होय. कोरडी उष्ण हवा आणि पानांवर साचलेली धूळ त्याला अनुकूल ठरते. रस्त्यालगतच्या घरांत झाडे वरचेवर धुणे म्हणून आवश्यक असते. याच महिन्यांत खोलीत कूलर चालू असल्यास त्याच्या ओलसर झोतातील कुंड्यांची माती लवकर सुकत नाही आणि चिलटे वाढतात. पावसाळ्यात मावा, अळ्या व मूळकूज यांचा त्रास असतो. मुंग्या कोरड्या जागेच्या शोधात कुंड्यांत वारूळ करतात आणि पिठ्या ढेकूण एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरपासून पिठ्या ढेकणाची संख्या वाढताना दिसते.

भात निसवण्याच्या व कापणीच्या सुमारास, दिवाळीच्या आसपास, संध्याकाळी दिव्यांभोवती बारीक हिरवे कीटक मोठ्या संख्येने येतात. हे भातावरील तुडतुडे असतात. खिडकीतील कुंड्यांवर ते बसलेले दिसले तरी मांसल झाडांना त्यांच्यापासून धोका नसतो. त्यांच्यासाठी झाडांवर फवारणी करणे निरर्थक आहे. दिवा मालवणे किंवा खिडकीला जाळी लावणे पुरेसे होते.

नियंत्रण

विलगीकरण

कीड आढळताच झाड इतरांपासून दूर ठेवावे आणि शेजारच्या कुंड्या तपासाव्यात. फार किडलेला भाग कापून बंद पिशवीत टाकावा. कचऱ्याच्या ढिगावर उघडा टाकल्यास पिल्ले पुन्हा पसरतात.

यांत्रिक उपाय

पाण्याच्या जोरदार पण बारीक धारेने मावा व लाल कोळी मोठ्या प्रमाणात निघून जातात. धुताना कुंडीच्या तोंडाला प्लॅस्टिक बांधून माती कोरडी ठेवतात आणि नंतर पर्णगुच्छात साचलेले पाणी झटकून टाकतात. खवले कीड जुन्या मऊ ब्रशने खरवडता येते. पिठ्या ढेकूण थोडे असल्यास ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा काडीला गुंडाळून प्रत्येक कीटकाला टेकवतात. अल्कोहोलमुळे मेणाचे आवरण विरघळून कीटक मरतो. हे काम उन्हात किंवा पेटत्या शेगडीजवळ, देवघरातील दिव्याजवळ करू नये, कारण अल्कोहोल ज्वालाग्राही असते.

साबणाचे पाणी

एक लिटर पाण्यात सुमारे पाच मिलिलिटर सौम्य द्रवरूप साबण मिसळून केलेली फवारणी मऊ शरीराच्या किडींवर उपयोगी पडते. द्रावण कीटकाच्या अंगावर प्रत्यक्ष पडले तरच परिणाम होतो. वाळल्यावर त्याचा प्रभाव उरत नाही. दोन-तीन तासांनी झाड स्वच्छ पाण्याने धुवावे. कपडे धुण्याची तीव्र पावडर वापरू नये.

निंबोळी अर्क

विदर्भात कडुनिंब विपुल असून उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाळ्याच्या आरंभी निंबोळ्या गोळा करता येतात. पाच टक्के अर्कासाठी ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळीचा भरडा थोड्या पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी फडक्यातून गाळतात, त्यात दोन ग्रॅम साबण विरघळवतात आणि पाणी घालून एक लिटर द्रावण करतात. त्याच दिवशी, संध्याकाळी फवारणी करावी, कारण उन्हात त्यातील अझाडिरॅक्टिन हा घटक लवकर नष्ट होतो. अर्कामुळे किडीचे खाणे, कात टाकणे व प्रजनन यांत अडथळा येतो. कीड तत्काळ मरत नाही. दुसऱ्या दिवशी किडी जिवंत दिसल्या म्हणून मात्रा वाढवणे चुकीचे असते.

साबण, अल्कोहोल आणि तेलकट फवारण्या यांमुळे पानावरील मेणाचा थर निघतो व ऊन लागल्यास पाने भाजतात. त्यामुळे प्रथम एका पानावर प्रयोग करून दोन दिवस वाट पाहावी आणि फवारलेले झाड काही दिवस सावलीत ठेवावे. पिठूळ थर असलेल्या एकेव्हेरियावर फवारणीपेक्षा काडीने वेचणे इष्ट असते.

पुनरावृत्ती

कोणत्याही सौम्य उपायाने अंडी पूर्णपणे मरत नाहीत. सात ते दहा दिवसांच्या अंतराने किमान तीन वेळा उपाय केल्यास अंड्यांतून नव्याने निघालेली पिल्लेही सापडतात. पहिल्या फवारणीनंतर झाड स्वच्छ दिसल्यामुळे उपाय थांबवला जाणे, हे कीड परत येण्याचे नेहमीचे कारण होय.

मुळांवरील किडीचा उपाय

झाड काढून सर्व माती झाडून टाकतात, मुळे पाण्याने धुतात आणि किडलेली मुळे कापतात. झाड सावलीत तीन ते सात दिवस कोरडे ठेवल्यावर जखमा भरतात. त्यानंतर ते नव्या मिश्रणात लावून आठवडाभराने पाणी देतात. जुनी कुंडी गरम पाण्याने घासून उन्हात वाळवावी. जुनी माती पुन्हा वापरायची असल्यास ती ओली करून पारदर्शक प्लॅस्टिकखाली एप्रिल-मेच्या उन्हात चार ते सहा आठवडे तापवतात.

मुंग्यांचा बंदोबस्त

मुंग्या गोड स्रावासाठी पिठ्या ढेकूण व माव्याचे त्यांच्या शत्रूंपासून रक्षण करतात. पाण्याने भरलेल्या ताटलीत वीट ठेवून तीवर कुंडी ठेवल्यास मुंग्यांची वाट तुटते. कुंडीचे बूड पाण्यात राहू नये आणि डास होऊ नयेत यासाठी ताटलीतील पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलावे.

जैविक नियंत्रण

क्रिप्टोलीमस माँट्रूझिएरी हा ऑस्ट्रेलियातील भुंगेरा कॉफीवरील खवले किडीसाठी १८९८ मध्ये भारतात आणला गेला. त्या किडीवर तो फारसा उपयुक्त ठरला नाही. पण दक्षिण भारतात स्थिरावून पिठ्या ढेकणाचा प्रभावी शत्रू म्हणून प्रसिद्ध झाला. त्याची अळी पांढऱ्या मेणचट तंतूंनी झाकलेली असल्याने ती मोठ्या पिठ्या ढेकणासारखीच दिसते आणि अजाणता मारली जाते. अळी चपळपणे चालते, पिठ्या ढेकूण जेमतेम सरकतो. या फरकावरून मित्र व शत्रू वेगळे ओळखता येतात.

पपईवरील पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइंबतूर येथे आढळल्यानंतर २०१० मध्ये ॲसेरोफेगस पपाई ही परोपजीवी गांधीलमाशी भारतात आणून सोडण्यात आली आणि तिने ती कीड आटोक्यात आणली. कपाशीवरील पिठ्या ढेकणावरही एनॅसियस वंशाची परोपजीवी माशी निसर्गतः आढळते. तपकिरी, कडक झालेला व एका टोकाला गोल छिद्र असलेला पिठ्या ढेकूण हे तिच्या कामाचे चिन्ह असते. असे कीटक झाडावरून काढू नयेत. बंद खोलीत मित्रकीटक टिकत नाहीत. गच्ची, अंगण व व्हरांडा येथील झाडांवर त्यांचा उपयोग होतो.

रासायनिक कीटकनाशकांचा धोका

कपाशी, भात व मिरचीवरील कीटकनाशके मोकळ्या शेतात, संरक्षक साधनांसह वापरण्यासाठी असतात. मोकळ्या शेतातही ती जीवघेणी ठरू शकतात. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. राज्य शासनाला त्यासाठी विशेष तपास पथक नेमावे लागले. बंद खोलीत किंवा व्हरांड्यात फवारलेले औषध हवेत अधिक काळ राहते व भिंती, पडदे, खेळणी यांवर बसते. लहान मुले, वृद्ध व पाळीव प्राणी यांना त्याचा धोका अधिक असतो.

भारतात कीटकनाशकांचे नियमन कीटकनाशक अधिनियम, १९६८ व त्याखालील १९७१ च्या नियमांनुसार होते. वेष्टनावरील रंगीत त्रिकोण विषारीपणाची पातळी दर्शवतो : लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे अति विषारी, निळा म्हणजे मध्यम विषारी आणि हिरवा म्हणजे कमी विषारी. हिरवा त्रिकोणही निर्धोकपणाची हमी नसते. लाल व पिवळ्या त्रिकोणाची औषधे घरातील झाडांवर वापरू नयेत. सुट्या बाटलीत, चिठ्ठीविना मिळालेले औषध कोणत्याही झाडावर वापरणे धोक्याचे असते, तसेच पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत औषध काढून ठेवणेही.

कोरफडीचा गर खाण्यासाठी व त्वचेला लावण्यासाठी वापरला जातो. त्यामुळे तिच्यावर रासायनिक, विशेषतः आंतरप्रवाही औषध वापरू नये. असे औषध झाडाच्या रसात उतरते आणि पान धुतल्याने जात नाही. शेजारी तुळस, कढीपत्ता किंवा मिरचीची कुंडी असेल तर हीच काळजी घ्यावी लागते. फुललेल्या झाडांवरील आंतरप्रवाही औषध मधमाश्यांनाही घातक ठरते.

तंबाखू उकळून केलेला काढा ‘घरगुती’ म्हणून निरुपद्रवी समजला जातो. त्यातील निकोटीन हे तीव्र विष असून ते त्वचेतूनही शरीरात जाते. तो घरात करू नये. अडेनियमचा रस विषारी असतो आणि युफोर्बियाचा चीक डोळ्यांना गंभीर इजा करतो. या झाडांची छाटणी हातमोजे घालून करावी. विषबाधेची शंका आल्यास रुग्णाला मोकळ्या हवेत नेऊन, कपडे बदलून, त्वचा साबणाने धुवून तत्काळ रुग्णालयात न्यावे व औषधाचे वेष्टन सोबत द्यावे. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.

इतिहास

मांसल वनस्पतीवरील कीटकाच्या चुकीच्या ओळखीचे एक प्रसिद्ध उदाहरण भारताच्या इतिहासात आहे. मेक्सिकोतील किरमिजी कीटकापासून मिळणाऱ्या मौल्यवान लाल रंगावर स्पेनची मक्तेदारी होती. ती मोडण्याच्या हेतूने ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात, १७९५ मध्ये, ब्राझीलमधून हा कीटक भारतात आणला गेला. प्रत्यक्षात तो उत्तम रंग देणारा डॅक्टिलोपियस कॉकस नसून डॅक्टिलोपियस सेलोनिकस हा दुसराच कीटक निघाला. रंगाचा उद्योग फसला. परंतु भारतात फोफावलेल्या ओपन्शिया मोनाकँथा या निवडुंगाचा त्या कीटकाने मोठ्या प्रदेशात फडशा पाडला. कीटकाद्वारे तणाचे नियंत्रण झाल्याचे जगातील हे सर्वांत जुने उदाहरणांपैकी एक मानले जाते. पुढे १८६० च्या दशकात हा कीटक दक्षिण भारतात व श्रीलंकेत हेतुपुरस्सर नेण्यात आला. इतर जातींच्या फड्या निवडुंगावर त्याचा परिणाम होत नव्हता. त्यासाठी डॅक्टिलोपियस ओपन्शिए ही जात १९२६ मध्ये श्रीलंकेतून भारतात आणण्यात आली आणि दक्षिण भारतातील निवडुंगाची रानेच्या राने तिने नष्ट केली. एकमेकांसारख्या दिसणाऱ्या दोन जातींचे खाद्य किती भिन्न असू शकते, हे या घटनांतून स्पष्ट झाले.

प्रतिबंध

नवे झाड आणल्यावर ते तीन ते चार आठवडे वेगळे ठेवणे हा सर्वांत परिणामकारक प्रतिबंध आहे. पुणे परिसरातील किंवा पश्चिम बंगालमधील कालिंपाँगच्या रोपवाटिकांतून टपालाने येणारी झाडे पुष्कळदा मातीविना येतात; ती लावण्यापूर्वी मुळे भिंगाने पाहता येतात. निचऱ्यासाठी मातीत धुतलेली जाडी रेती व विटांचा चुरा मिसळतात. नत्रयुक्त खत जास्त दिल्यास कोवळी फूट वाढते आणि मावा व पिठ्या ढेकूण यांना पोषण मिळते. वाळलेली खालची पाने व सुकलेले फुलांचे दांडे काढून टाकावेत, कारण पिठ्या ढेकूण त्यांखाली लपतात. आठवड्यातून एकदा बेचके आणि पानांची खालची बाजू पाहिल्यास कीड दोन-चार कीटकांवर असतानाच सापडते. त्या अवस्थेत कापसाचा बोळा पुरतो.

उपाय करूनही कीड हटत नसल्यास किडलेले पान बंद पिशवीत घेऊन तालुका कृषी अधिकारी कार्यालयाचा किंवा कृषी महाविद्यालयाच्या कीटकशास्त्र विभागाचा सल्ला घेता येतो. विदर्भासाठी डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, अकोला हे कृषी विद्यापीठ असून नागपूरचे कृषी महाविद्यालय त्याच्याशी संलग्न आहे. बहुतेक सर्व पाने मऊ पडलेले किंवा खोड कुजलेले झाड वाचवण्यापेक्षा त्याचे निरोगी पान वा शेंडा घेऊन नवे रोप करणे श्रेयस्कर असते. जेड, एकेव्हेरिया, पानफुटी यांसारख्या झाडांत हे सहज साध्य होते.

हे सुद्धा पहा

* कोरफड
* निवडुंग
* पानफुटी
* कडुनिंब
* जैविक कीड नियंत्रण